व्हीलचेअरवरून लग्नाला, मुलाखतीला जाताना काय घालता? अनुभव लिहा

लग्नसराई जवळ आली. दुकानातले समारंभाचे कपडे बेतलेले असतात उभ्या माणसासाठी. आपण बसलो की कोट मांडीवर गोळा होतो, पँट मागून खाली सरकते आणि पुढून पोटात रुतते. 'बसूनच तर राहायचंय, कोण बघतंय' असं म्हणणाऱ्यांनी कृपया इथे लिहू नये. बघतात! नाशिक आणि आसपासच्या मंडळींनी टेलरला नेमकं काय सांगितलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

गंगापूर रोड, शिक्षिका
मला साडीच आवडते. आईच्या येवल्याच्या पैठणीला कात्री लावायची नव्हती, म्हणून निऱ्या परकराच्या पट्ट्यावर लांब टाके घालून बसवून घेतल्या. कार्य झालं की दोरा उसवायचा, पैठणी अखंडच्या अखंड. निऱ्या कमी आणि रुंद घ्या, मांडीवर ढीग होत नाही. मागच्या बाजूला कापडाची एकही घडी अंगाखाली येऊ देऊ नका. पदर खांद्यावर पक्का पिनअप करून टोक पुढे मांडीवर. तो मागे मोकळा सोडला तर चाकात जातो, आणि जरीचा धागा एकदा आऱ्यात अडकला की संपलंच. खुर्चीला साइड गार्ड (मांडी आणि चाक यांच्यामधल्या आडोशाच्या पाट्या) असतील तर त्या दिवशी काढून ठेवू नका, काठ चाकाच्या मळापासून वाचतात.

सिडको
मणक्याला दुखापत, कमरेखाली संवेदना नाही. अंबडला मुलाखत होती. टेलरला सांगितलं, माप मी खुर्चीत बसल्यावरच घ्यायचं. पँटची मागची बाजू दोन इंच वर, पुढची थोडी खाली, कमरेला मागून इलॅस्टिक. लांबीही दोन इंच जास्त, कारण बसल्यावर पाय उघडा पडतो आणि मोजे दिसतात. मागचे खिसे पूर्ण रद्द. हे नखरे नाहीत हो! जाड शिवण, बटण, खिशाची घडी टोचलेली आम्हाला कळत नाही, आणि त्यातून बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, होते. युरिन बॅगसाठी चेन नेहमीपेक्षा खाली नेली, मांडीला कापड सैल ठेवलं. कोट मांडीला टेकेल एवढाच. बटणं लावून बसलं तरी छातीवर फुगला नाही. पाठीला मात्र सैलपणा हवा, नाहीतर चाक मारताना मुंढ्यात ओढतो.

सातपूर
बिनबाह्यांचं नेहरू जॅकेट, आखूड कुर्ता. हात मोकळे. माझ्यासाठी विषय संपला.

पंचवटी
माझी दुखापत मानेत आहे, म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. मणक्याची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर घट्ट पट्टा, घट्ट बूट, आवळलेला ब्लाउज यांनीसुद्धा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला तर आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा. तरी उतरलं नाही तर सरळ दवाखाना. फोटो नंतर. बोटांत ताकद नाही, म्हणून ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो आहे. वरून शोभेची बटणं, कुणाला कळत नाही.

नाशिक रोड, आई
लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. अंगात ताठरपणा आला की बाहीत हात घालणं ही झटापटच. तिचा अनारकली पाठीमागून पूर्ण उघडतो, आधी हात घालायचे, मग पाठ बंद. सॅटिन नको, खुर्चीवरून घसरते. आतून सुती अस्तर, म्हणजे जरीकाम टोचत नाही. ओढणी तिने स्वतःच नाकारली, आणि रंगही तीच निवडते. दुकानदार मला विचारतो तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवते.

इंदिरानगर
वरचं सगळं पटलं, पण मी पोलिओवाला, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावून थोडा वेळ उभाही राहतो. फक्त बसून माप घेतलं तर उभं राहिल्यावर पँट जमिनीवर लोळते. मी मधली लांबी घेतो, मोहरी रुंद, आणि बाहेरच्या शिवणीत गुडघ्यापर्यंत चेन, म्हणजे कॅलिपरवरून पँट सहज चढते. संध्याकाळी पाय सुजतात, त्यामुळे बूट एक नंबर मोठे.

सिडको
टेलरच्या दुकानाला पायऱ्या असतील तर घरीच बोलवा, मागतील ते जास्तीचे पैसे द्या. आणि माप देताना खुर्चीतल्या रोजच्याच गादीवर बसा. गादीची उंची बदलली की गुडघ्याचा कोन बदलतो, लांबी पुन्हा चुकते.