आजीचं कोण करतं?

सई (म्युनिक, जर्मनी): गणपती गेले, तुम्ही सगळे मुंबई-पुण्याला पोचलात. माझी सुट्टी अजून शिल्लक आहे, म्हणून मी आजीच्या खोलीत झोपतेय. जे बघितलं ते आपल्या घरच्या ग्रुपवर लिहिते. लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा.

वहिनी रात्री दोनला उठते, परत चारला उठते. आजीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं असतं. खुबा मोडल्यापासून तिला स्वतःला वळता येत नाही, आणि तशीच पडून राहिली तर कमरेशी कातडी लाल होते, मग जखम. वळवायलाही रीत आहे. आधी गुडघे दुमडायचे, मध्ये उशी, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मग खालची चादर ताणून घ्यायची, कारण चुणी राहिली तरी तिच्या अंगाला रुतते. काल मी म्हटलं, आज मी करते. आजी एवढीशी उरलीय, पण झोपेतलं माणूस सगळा भार आपल्यावर टाकतं. सकाळी माझी पाठ धरली होती. वहिनीची तोवर पेज शिजून, आजीचं अंग पुसून, चादरी धुऊन झालेल्या. पावसात त्या सुकत नाहीत, म्हणून पडवीत वाळत घालते आणि उरलेली ओल इस्त्रीने काढते.

तिच्या शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवलंय. गणपतीच्या आधी तिच्याकडे ब्लाउजांची रांग असायची. यंदा एकही ऑर्डर घेतली नाही, हे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आलं?

आत्या: नाही गो आलं. मी आले ते चार दिवस मोदक आणि आरत्यांतच गेले.

अण्णाकाका: सूनबाई करते त्याचं मला कौतुक आहे, मी सगळीकडे सांगतो. आपल्याकडे हे संस्कार टिकून आहेत म्हणून आई आज स्वतःच्या घरात आहे. तुमच्या तिकडे म्हातारं माणूस आश्रमात ठेवून मोकळे होतात.

सई: काका, मलाही जाण्याआधी असंच वाटायचं. तसं नाहीये ते. २०२१ च्या अखेरीस जर्मनीत सुमारे ५० लाख माणसांना देखभाल लागत होती, त्यातली १०० तली ८४ घरीच होती. बहुतेकांचं घरचेच करतात. फरक पुढे आहे. १९९५ पासून तिथे देखभालीचा विमा सक्तीचा आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला कापला जातो. पगाराच्या ३.६ टक्के, त्यातला साधारण अर्धा कंपनी भरते, मूलबाळ नसेल तर आपल्याला थोडा जास्त. माणसाला किती मदत लागते ते घरी येऊन तपासतात आणि १ ते ५ अशी श्रेणी देतात. घरच्यांनीच केलं तर श्रेणी ३ ला महिन्याला ५९९ युरो, ४ ला ८०० मिळतात. आजी तिथे असती तर बहुधा ४ तरी मिळाली असती. करणाऱ्याला सुट्टी हवी असेल तर बदली माणसाचा खर्च निघतो. ठरावीक तासांच्या वर करत असेल तर त्याच्या पेन्शनमध्येही भर पडते.

म्हणजे वहिनी करते त्याला तिथे काम धरतात. आपण त्याला संस्कार म्हणतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो.

अण्णाकाका: हे जरा जास्त होतंय सई.

सई: तुम्हाला दुखवायला नाही लिहिलं, काका. आणि तिकडचं सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. सकाळ-संध्याकाळ बाई येते, आंघोळ घालते, औषधं देते आणि पुढच्या घरी जाते. मुलगा दुसऱ्या शहरात. दिवसभरात त्या बाईखेरीज त्यांच्याशी कोण बोलतं, मला माहीत नाही. इथे आजी खाटेवर आहे, तरी बोरकरांच्या घरात काय शिजलं इथपासून कोणाची म्हैस व्यायली इथपर्यंत सगळं तिला ठाऊक असतं. येणारा-जाणारा खिडकीतून हाक मारतो. हे पैशाने आणता येत नाही. पण हाक मारणारे पन्नास आणि रात्री उठणारी एक, हे मला बघवत नाही.

दादा: मी पण उठतो कधी कधी.

सई: उठतोस. कधी कधी.

दादा: बरं. खरं आहे.

आत्या: बंटी, तू मागच्या गावपळणीला नव्हतास ना? रामेश्वराचा कौल झाला आणि आपलं सगळं आचरं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. आईला चालवत नव्हतं, तर भावकीतल्या पोरांनी खुर्चीसकट उचललं. राहुटीत कोणी पाणी तापवी, कोणी तिचे पाय चेपी. वेगळं कोणाला सांगावंच लागलं नाही. गावात परत आलो आणि सगळं पुन्हा एकटीच्या गळ्यात. सईचा म्हणणा माका पटता.

बंटी: कायद्याचं बोलायचं तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. आईवडिलांचा सांभाळ करायची जबाबदारी मुलांवर. न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिना जास्तीत जास्त १०,००० पर्यंत निर्वाहखर्च मिळतो.

सई: त्यात ‘मुलं’ म्हणजे कोण कोण?

बंटी: थांब, बघतो.

बंटी: मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान असलेले.

सई: सून?

बंटी: नाही. सून नाही त्यात.

सई: म्हणजे अण्णाकाका, आत्या, दादा, तू आणि मी. करतेय ती सोडून आपण सगळे.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

अण्णाकाका: मग काय करायचं म्हणतेस? परक्या बाईच्या हाती आईला द्यायचं?

वहिनी: माझ्याबद्दल एवढं चाललंय म्हणून मीच लिहिते. अण्णा, मला आजींचं करायचा कंटाळा नाही. बाई आली तरी पेज मीच भरवणार, दुसऱ्या कोणी भरवली तर त्या तोंड मिटून घेतात. पण रात्रीची झोप मला हवी. सकाळी पाय लटपटतात, आणि एक दिवस त्यांना उचलताना माझ्याच हातून काही झालं तर, ही धास्ती असते. आणि यंदा मला आंगणेवाडीच्या जत्रेला माहेरी राहायला जायचंय. आंगणेवाडी आमच्या मसुऱ्यातच, इथून हाकेच्या अंतरावर, पण आजी पडल्यापासून मी तिथे रात्र काढलेली नाही. भराडीदेवीच्या जत्रेला आमच्याकडे सगळ्या लेकी येतात.

आत्या: हे आधी का नाही बोललीस गो बाय?

वहिनी: कोणी विचारलं नाही.

सई: रात्रीच्या बाईचे निम्मे पैसे माझे. उरलेले तुम्ही वाटून घ्या. आत्ताच दर महिन्याचं लावून ठेवते, म्हणजे आठवण करायला नको. हवेची गादीही मागवलीय, कणकवलीत मिळाली. तिने वळवणं सुटत नाही, पण जखमेची भीती कमी होते. जत्रेला मात्र मी येऊ शकणार नाही. माझ्या ऑफिसात वर्षाच्या सुरुवातीलाच रजा लिहून द्यावी लागते, आणि जत्रेची तारीख देवीचा कौल होईपर्यंत कोणालाच कळत नाही.

अण्णाकाका: मी निवृत्त माणूस आहे, मला कोणाला रजा मागायची नाही. तारीख कळली की मी आणि तुझी काकू येतो. सूनबाई जत्रेला जाईल तेव्हा आईजवळ आम्ही.

वहिनी: आठवडाभर आधी या अण्णा. एका दिवसात हात बसत नाही, आणि आजींनाही तुमची सवय व्हायला हवी.

अण्णाकाका: येतो. तेव्हा कणकवलीचं तिकीट मिळणं मुश्कील, पण जत्रेच्या जादा गाड्या असतात. नाहीतर एसटी आहे.

आत्या: शिमग्यानंतरचा महिना माझा. मी येऊन राहते. कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे मला मागे सरता येणार नाही.

बंटी: मी पैशात आहे. आणि ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आजीचं काढलंय का?

दादा: नाही काढलं.

बंटी: तिचं आधार पाठव, मी करतो.

दादा: पाठवतो. वरच्या वाडीतल्या बाईंशी आत्ताच बोलून आलो. मालवणात एका घरी त्यांनी हेच काम केलंय. म्हाळ आटोपले की घटस्थापनेपासून येतो म्हणाल्या. रात्री नऊ ते सकाळी सहा, महिन्याला चार सुट्ट्या. त्या चार रात्री मी. पैसे आजीच्या खात्यात पाच तारखेच्या आत टाका, कोणी मागे लागणार नाही.