सलामीच्या सामन्यात ‘डोळे मिटून लिंबूटिंबूवर लावा’? जरा हिशेब करा!

हिशेबी_मिसिसागा

‘प्रेअरीचा वारा’ यांनी काल सल्ला टाकलाय: सीएफएलच्या (कॅनेडियन फुटबॉल लीग) सलामीच्या आठवड्यात डोळे मिटून अंडरडॉगवर, म्हणजे लिंबूटिंबू संघावर, पैसे लावा. कारण काय, तर बहुतेकांचे करार एकेक वर्षाचे, फेब्रुवारीत निम्मी टीम इकडची तिकडे होते; सराव सामने दोनच, त्यातही राखीव पोरंच जास्त; तेव्हा बुकीही अंधारात. पुरावा म्हणून ६ जून २०२४, विनिपेगच्या घरी मॉन्ट्रियल २७-१२ ने जिंकलं. खाली लोक लागलीच ‘साहेब, पुढची टिप कधी?’ विचारायला हजर.

अहो, ते मॉन्ट्रियल आदल्या नोव्हेंबरात ह्याच विनिपेगला २८-२४ हरवून ग्रे कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेऊन आलं होतं. गतविजेत्याला लिंबूटिंबू म्हणून खपवायचं आणि वर आपलीच पाठ थोपटायची! बरं, बुकी अंधारात असेल तर तुमच्याकडे कुठली बॅटरी आहे? त्याला अंदाज नसला की तो भाव सैल सोडत नाही, मोठी पैज घेतच नाही.

आता आकडे. समजा फेव्हरिटचा भाव १.४५ (एक डॉलर लावून जिंकलात तर हातात १.४५) आणि अंडरडॉगचा २.८०. म्हणजे अंडरडॉग शंभरात जवळजवळ ३६ वेळा जिंकला तर तुम्ही जेमतेम मुद्दलात. दोन्ही बाजूंची टक्केवारी (शंभर भागिले भाव) काढून बेरीज करा, १०५ च्या आसपास येते. वरचे पाच कोणाचे, ते सांगायला नको. पॉइंट घेऊन खेळलात, म्हणजे अंडरडॉगच्या गुणांत ठरलेले पॉइंट जोडून निकाल धरला, तर भाव १.९१, म्हणजे ५२.४ टक्के वेळा बरोबर यायला हवं. अंडरडॉग जिंकतात हो. पुरेसे जिंकतात का, ते सांगा.

आणि संघ नऊ, एकाला सुट्टी, म्हणजे सलामीला सामने चारच. २०१४ पासून हे असं आहे, २०२० चा सीझन झालाच नाही. सगळे मिळून पन्नाससुद्धा भरत नाहीत. एवढ्यावर नियम काढायचा?

प्रेअरीचा_वारा

आमच्या चार ओळींवर एवढा प्रबंध! धन्य झालो.

तुम्ही कधी रिजायनाला येऊन मोझेक स्टेडियममध्ये सामना पाहिलाय का? कलिंगड कोरून डोक्यावर घातलेल्या लोकांमध्ये बसलात की कळेल, हा खेळ एक्सेलमध्ये मावत नाही. २०१६ ची सलामी आठवा. एडमंटन गतविजेते, सामना त्यांच्या घरी. ओटावाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) बरिस जखमी होऊन बाहेर गेला, माझा मेहुणा म्हणाला, ‘चला, आता जेवायला बसू.’ त्याच्या जागी ट्रेव्हर हॅरिस आला आणि ओव्हरटाइममध्ये ४५-३७! मेहुण्याचं ताट तसंच राहिलं. त्याच ओटावाने नोव्हेंबरात टोरांटोतल्या फायनलमध्ये कॅलगरीला ३९-३३ ने झोपवून कप नेला. कॅलगरीने त्या वर्षी पंधरा सामने जिंकले होते, साहेब. तेव्हा तुमची ती टक्केवारी काय करत होती?

बाळ्या_कट्टेकर

वारासाहेब, तुमचीच २०१६ ची सलामी. त्याच आठवड्यात कॅलगरी बीसीकडून (ब्रिटिश कोलंबिया) २०-१८ ने हरलं. त्यानंतर थेट फायनलपर्यंत फक्त एक हार. २०२४ ला विनिपेग पहिले चारही सामने हरलं आणि तरी ग्रे कपच्या फायनलला पोचलं. सलामीवरून कोण किती पाण्यात ते काहीच कळत नाही.

प्रेअरीचा_वारा

मग मी वेगळं काय म्हणतोय? सलामीला कोणालाच काही कळत नाही म्हणूनच दुबळ्यावर लावा. आभारी आहे, माझंच म्हणणं सोप्या शब्दांत मांडलंत.

एडमंटनकर_काकू

आमच्या एडमंटन एल्क्सवर लावा ना मग डोळे मिटून! २०१९ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या ऑगस्टपर्यंत स्वतःच्या घरी ओळीने बावीस सामने हरले. बावीस! दरवेळी कोणीतरी शहाणा म्हणायचा, ‘आज तरी जिंकतील, भाव काय मस्त आहे.’ २०२२ ची सलामी विसरलात वाटतं, बीसीने ५९-१५ ने आमचा भुगा केला. त्यांचा क्वार्टरबॅक नाथन रूर्क त्या दिवशी असा काही खेळला की आमच्या ह्यांनी हाफटाइमला टीव्ही बंद करून अंगणातलं गवत कापायला घेतलं.

आणि खरा राग वेगळाच आहे. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत एकाच सामन्यावर पैज लावणं इथे कायद्यात बसत नव्हतं, सरकारी लॉटरीच्या प्रो-लाइन चिठ्ठीवर एकाहून जास्त सामने जोडायला लागायचे. तेव्हा निदान दुकानापर्यंत चालत तरी जावं लागायचं. आता सामना बघताना दोन जाहिरातींमागे एक ॲपची. माझा भाचा शिकायला आला, फीचे पैसे एका ॲपमध्ये घालून बसला. भारतात आईला सांगताना फोन माझ्या हातात दिला. असले ‘डोळे मिटून’वाले सल्ले अशीच पोरं वाचतात, वारासाहेब.

प्रेअरीचा_वारा

काकू, भाच्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण त्याचं खापर माझ्या डोक्यावर नको. मी वीस डॉलर लावणाऱ्यांसाठी लिहिलं होतं.

तीन_डाउन

तुम्ही सगळे भावावर भांडताय आणि खेळच विकायला काढलाय, तिकडे कोणाचं लक्ष नाही. २०२६ पासून रूजला कात्री, म्हणजे किक समोरच्यांच्या एंड झोनमध्ये (गोलरेषेमागचा पट्टा) गेली आणि त्यांनी ती बाहेर आणली नाही की मिळणाऱ्या एका गुणाला. किक एंड झोनमधून थेट बाहेर गेली तर गुण नाही. २०२७ पासून मैदान ११० चं १०० यार्ड, एंड झोन २० चे १५, गोलपोस्ट मागे. अमेरिकेची नक्कल करायची तर आपल्या तीनऐवजी चार डाउनच (चेंडू पुढे न्यायचे प्रयत्न) द्या ना! रूर्कसारखा खेळाडू उघडपणे विरोधात बोलला तरी ऑफिसात बसलेल्यांना ढिम्म फरक नाही.

बाळ्या_कट्टेकर

अवांतर सुरू. रूज म्हणजे नेम चुकल्याचं बक्षीस. फील्ड गोल (गोलपोस्टमधून मारायची किक) हुकला तरी एक गुण! कुठल्या खेळात असं असतं? गेला तेच बरं झालं.

तीन_डाउन

पूर्ण गेलेला नाही, आधी नीट वाचा. परत करणाऱ्याने चेंडू एंड झोनमधून बाहेर आणला नाही तर गुण मिळणारच. आणि ‘चुकल्याचं बक्षीस’ म्हणणाऱ्याने शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना पंट (हातातून सोडून मारलेली किक) मारणाऱ्याकडे बघितलेलंच नाही. समोरचा चेंडू झेलून तसाच लाथाडत परत पाठवतो, हा पुन्हा मारतो. ही मजा अमेरिकेच्या एनएफएलमध्ये दाखवा.

बाळ्या_कट्टेकर

बघितलंय. सर्कस वाटली.

तीन_डाउन

मग तुम्ही एनएफएलचं संडे नाइट फुटबॉल बघा आणि इथे येऊ नका. टोरांटोची निम्मी रिकामी स्टँड तुमच्यासारख्यांमुळेच आहेत.

बाळ्या_कट्टेकर

मी सीझन तिकीट घेतो, दादा. तुम्ही घेता का?

हिशेबी_मिसिसागा

भांडण आवरा, कारण रूजचा पैजेशी थेट संबंध आहे. मी एकदा साडेतीन पॉइंट घेऊन अंडरडॉग धरला होता. शेवटचा मिनिट, फेव्हरिट तीनने पुढे, फील्ड गोल मारला, उजवीकडून हुकला. मी सोफ्यावरून उठून नाचलो. चेंडू एंड झोनच्या मागून बाहेर, पंचाने एक बोट वर केलं, फरक चार. बायको विचारते, ‘हुकला म्हणालास ना? मग तोंड का पडलं?’ नव्या नियमात तो गुण नसता आणि माझे पैसे परतले असते, वर नफा.

प्रेअरीचा_वारा

अरे वा! म्हणजे प्रबंध लिहिणारे स्वतः अंडरडॉगवरच लावतात. आणि तुमच्याच हिशेबाने २०२६ पासून साडेतीनवाल्या अंडरडॉगला फायदा. मी आणखी काय सिद्ध करू?

हिशेबी_मिसिसागा

मी भाव बघून लावतो, डोळे मिटून नाही. आणि नियम बदलला हे बुकीला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? तो पहिल्याच दिवशी लाइन (अंडरडॉगला मिळणारे पॉइंट) त्याप्रमाणे सरकवेल. मात्र एक मान्य: पहिल्या आठवड्यात त्याला किती सरकवायची हे जुन्या आकड्यांवरून काढता येणार नाही. तेवढ्यापुरता तुमचा वारा योग्य दिशेने वाहतोय, अपघाताने.

प्रेअरीचा_वारा

‘अपघाताने’ ठेवा तुमच्याकडे. बाकीचं स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

एडमंटनकर_काकू

दोघांना एकच प्रश्न. गेल्या सीझनचा जमाखर्च इथे टाका. जिंकलेल्या चिठ्ठ्या नकोत, बँकेचं स्टेटमेंट.

बाळ्या_कट्टेकर

काकू, पॉपकॉर्न घेऊन बसलोय, कोण पहिला टाकतो बघू.

तीन_डाउन

स्टेटमेंट नंतर. सीझन तिकीट असणाऱ्यांनी आधी मैदान छोटं करण्याविरुद्ध क्लबला पत्र लिहिलंय का, ते सांगा. बाळ्या?