मदत हवी आहे: डोळ्याच्या नसेची व्हीईपी चाचणी रत्नागिरीच्या जवळपास कुठे होते?

माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३१, रत्नागिरी) मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि नसांवर हल्ला करते तो आजार) आहे. रिटुक्सिमॅब हे औषध चालू आहे, नवा अटॅक नाही, एमआरआयही स्थिर. तरी डाव्या डोळ्याने धूसरच दिसतं. दुपारच्या उकाड्यात तर समोर उभ्या एसटीची पाटी वाचता येत नाही, गारव्यात बसली की पुन्हा थोडं निवळतं.

डॉक्टर म्हणाले, हे औषध नवा हल्ला थोपवतं. मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, बनवणाऱ्या ज्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी मेल्या, त्या परत आणत नाही. मेंदूत त्यांच्या पूर्वपेशी असतात, पण जुन्या जखमांत त्या बऱ्याचदा पूर्ण वाढतच नाहीत.

क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या गोळीबद्दल वाचलंय. २०१७ च्या ५० रुग्णांच्या चाचणीत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश किंचित वेगवान झाला. नंतरच्या एका अभ्यासात मात्र काहींचं अपंगत्व वाढल्याने ती गोळी थांबवली. म्हणून ती आपल्या मनाने देणार नाही, कृपया सुचवूही नका.

त्या संदेशाचा वेग मोजणारी व्हीईपी चाचणी करायची आहे. इथे चौकशी केली, सोय सापडली नाही. मुंबईचा प्रवास तिला झेपत नाही. आंबा घाटातून कोल्हापूर किंवा गोवा चालेल. तिथे नक्की कुठे होते, खर्च किती येतो? आणि ही चाचणी ठरावीक काळाने करून कुणाच्या न्यूरोलॉजिस्टनी उपचार बदलले आहेत का?