अमेरिकेचे यादवी युद्ध अकरावीला शिकवण्यासाठी साधने हवी आहेत

प्रश्न : खानदेशची शिक्षिका

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. अमेरिकेतील यादवी युद्धासाठी (१८६१–६५) मला अकरावीच्या वर्गावर चार तास मिळणार आहेत. गेल्या वर्षी मी फोर्ट सम्टरपासून ॲपोमॅटॉक्सपर्यंतच्या लढायांचा तक्ता फळ्यावर काढला, मुलांनी तो निमूटपणे उतरवून घेतला आणि तास संपताना एका मुलीने विचारले, "मॅडम, पण ते भांडत कशासाठी होते?" मी अक्षरशः ओशाळले. इंटरनेटवर पाहावे, तर एक जण सांगतो की युद्ध गुलामगिरीवरून झाले, तर दुसरा सांगतो की ते राज्यांच्या हक्कांसाठी झाले. विश्वासार्ह साधने कोणती? मुलांचे इंग्रजी बेताचे आहे आणि प्रोजेक्टर वीज असेल तेव्हाच चालतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक

मॅडम, त्या मुलीच्या प्रश्नावरच पहिला तास घ्या, आणि त्याचे उत्तर आपण न देता संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या तोंडून येऊ द्या. साउथ कॅरोलायनाने २४ डिसेंबर १८६० रोजी संघातून बाहेर पडण्याची कारणे सांगणारा जाहीरनामा काढला. त्यात राज्याच्या सार्वभौमत्वाचा पाढा आहेच. परंतु मुख्य तक्रार अशी की, पळून आलेल्या गुलामांना उत्तरेकडील राज्ये मालकांकडे परत पाठवत नाहीत. म्हणजे उत्तरेतील राज्यांनी आपले हक्क बजावले, हेच दक्षिणेला खुपत होते! मिसिसिपीचा जाहीरनामा तर आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे आरंभीच सांगून टाकतो. येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन या संकेतस्थळावर ही कागदपत्रे मोफत वाचता येतात. त्यांतला एखादा परिच्छेद मराठीत करून झेरॉक्स वाटल्यास प्रोजेक्टरची गरज उरणार नाही.

मात्र लिंकनला देव करून ठेवू नका. ऑगस्ट १८६२ मध्ये होरेस ग्रीली या संपादकाला लिहिलेल्या पत्रात, संघराज्य वाचवणे हेच आपले मुख्य उद्दिष्ट आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही केवळ बंडखोर प्रदेशाला लागू होता. संघात राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या गुलामगिरी असलेल्या राज्यांना त्याने हात लावला नाही. सगळ्या देशातून ही प्रथा कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

जाता जाता एक विचारतो. आपल्या शाळांच्या भिंतीवर असते ते लिंकनचे हेडमास्तरांना पत्र आपल्याकडेही लावलेले आहे काय? लिंकनच्या संकलित लेखनात असे पत्र सापडत नाही. साधन कसे तपासावे, याचा धडा तिथूनच सुरू करता येईल.

उत्तर २ : व्हर्जिनियातील एक मराठी पालक

व्हर्जिनिया विद्यापीठाचा 'व्हॅली ऑफ द शॅडो' हा प्रकल्प अवश्य पाहावा. युद्धाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन काउंटींची (आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या विभागांची), म्हणजे व्हर्जिनियातील ऑगस्टा आणि पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन यांची, पत्रे, रोजनिश्या, वर्तमानपत्रे आणि जनगणनेच्या नोंदी त्यात आहेत. साहित्य अफाट असल्यामुळे मुलांना त्यात मोकळे सोडू नये. दोन्हींकडचे एकेक पत्र निवडून द्यावे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात गेटिसबर्गच्या लढाईनंतर टिपलेले एक छायाचित्र आहे. दोन प्रचंड खडकांमध्ये दगड रचून केलेला आडोसा, त्यामागे उताणा पडलेला दक्षिणेचा सैनिक आणि दगडांना टेकवून ठेवलेली बंदूक. हा नेमबाज जागच्या जागी मारला गेला, असे छायाचित्रकार ॲलेक्झांडर गार्डनर याने छापले होते. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, तोच देह उताराखालच्या दुसऱ्या जागीही टिपलेला आहे. छायाचित्रासाठी तो उचलून वर आणला होता. आधी चित्र दाखवावे, मुलांना काय दिसते ते लिहायला लावावे, आणि मगच ही हकीकत सांगावी.

पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या १९३६–३८ मध्ये नोंदवलेल्या २,३०० हून अधिक मुलाखतीही तिथेच आहेत. परंतु त्या घेणारे बहुतांश गोरे होते आणि सांगणारे ऐंशीच्या घरातले वृद्ध, त्यामुळे काही उत्तरे फार जपून दिलेली आहेत.

उत्तर ३ : मुंबईकर वाचक

जळगावच्या मुलांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून जात असे. दक्षिणेची बंदरे रोखली गेल्यावर खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. शिवाय महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. ती अर्पणपत्रिका मूळ मराठीत वाचता येते.

खानदेशची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. ते पत्र आमच्या स्टाफरूममध्येच टांगलेले आहे! साउथ कॅरोलायनाचा परिच्छेद मराठीत करायला घेतला आहे, परंतु त्यात उद्धृत केलेल्या संविधानाच्या कलमापाशी अडले. तिथे 'गुलाम' हा शब्दच नाही. 'सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती' असे काहीसे म्हटले आहे. मुलांना समजावे म्हणून सरळ 'गुलाम' लिहू का?

निवृत्त प्राध्यापक

कृपया लिहू नका. संविधानकारांनी तो शब्द मुद्दाम टाळला होता. आपण केले आहे तेच भाषांतर ठेवा. ही व्यक्ती नेमकी कोण, हे ती मुलगीच विचारील.