मदत हवी आहे: लैंगिक छळाची तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढलं, आधी कुठे जाऊ?

मी पुण्यात एका खासगी कंपनीत टीम लीड होते. जूनमध्ये मॅनेजरविरुद्ध कंपनीच्याच अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी) लेखी तक्रार दिली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. माझा जबाबसुद्धा झालेला नाही. मधेच टर्मिनेशन लेटर हातात ठेवलं, कारण ‘असमाधानकारक कामगिरी’. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये ‘अपेक्षेपेक्षा सरस’ असा शेरा आहे, त्याची प्रत माझ्याकडे आहे. हा सरळसरळ सूड आहे आणि मी गप्प बसणार नाही.

तक्रारीची पोच आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवलेत. ऑफिसचा मेल मात्र बंद केलाय. समितीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, उत्तर नाही. शी-बॉक्सवरही (अशा तक्रारींसाठीचं केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल) नोंद केली. एचआर म्हणतंय, ‘कोणताही दावा उरलेला नाही’ या कागदावर सही करा, मगच हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर. सही केलेली नाही. पोलिसांत जायचं की नाही ते नंतर ठरवेन, आत्ता प्रश्न नोकरीचा आहे. मोठ्या वकिलाची फी सध्या झेपणार नाही.

समिती दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं का, की ती फक्त दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणांसाठी आणि मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठीच? आणि हाताखाली चार जण असलेल्या टीम लीडला कामगार न्यायालय ‘कामगार’ मानतं का, की बडतर्फीविरुद्ध दिवाणी दावाच लावावा लागेल?