सराव पेपरात दर पाच मिनिटांनी वेळ सांगावी का?

शाईचा_डाग: तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची, तेव्हापासून मुलं शनिवारी लिखाणाला बसतात. अर्धा तास, एक प्रश्न, मोबाइल टेबलावरच्या टोपलीत. तरी दहाव्या मिनिटाला एक पंख्याकडे बघतोय, एकीने समासात वेलबुट्टी काढलीय. म्हणून दर पाच मिनिटांनी मी वेळ पुकारते. लगेच पेनं चालू होतात. घड्याळ कानावर आदळलंच पाहिजे!

कोरी_पुरवणी: मॅडम, तुम्ही पुकारता तेव्हा जो तंद्रीत लिहीत असतो त्याचंही वाक्य तुटतं. यूपीएससी मुख्यच्या जीएसच्या (सामान्य अध्ययन) पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत २० प्रश्न, दहा १० गुणांचे, दहा १५ गुणांचे. मी १० गुणांना ७ मिनिटं आणि १५ गुणांना ११ धरायचो, बरोबर १८० होतात. तिथे पाच-पाच मिनिटांनी कोण सांगायला येतं? मनगटावरच्या साध्या काट्यांच्या घड्याळाची सवय लावा.

शाईचा_डाग: बघतात हो घड्याळाकडे. बघतच बसतात.

बोरू: घड्याळाचं काय घेऊन बसलात दोघं? पुतणीची वही पाहिली. पहिल्या पानावर मोत्याचे दाणे, तिसऱ्यावर मुंग्या. सगळ्या नोट्स पीडीएफ, पेन हातात धरलंय कुठे? अंगठा दुखायला लागला की नजर पंख्याकडे जाणारच. आधी महिनाभर वेळ न लावता रोज दोन पानं लिहू द्या, पेपरातला अग्रलेख उतरवला तरी चालेल.

कोरी_पुरवणी: हाताचं मान्य. पण निम्मी मुलं पुढे काय लिहायचं ते सुचत नाही म्हणून थांबतात. पहिली चार मिनिटं मागच्या पानावर नुसते मुद्दे काढायला लावा. पंख्यावरून नजर खाली आली की पुढचा मुद्दा समोर दिसला पाहिजे.

बोरू: तीसातली चार ठीक. सात मिनिटांच्या प्रश्नाला किती देणार?

कोरी_पुरवणी: अर्धं मिनिट. तीन शब्द, बस्स. तेवढंही न करणारे शेवटच्या दोन प्रश्नांना हात लावू शकत नाहीत, हे मी स्वतः भोगलंय.

शाईचा_डाग: आजच्या शनिवारी करून पाहिलं. आधी मुद्दे, आणि पुकारणं बंद. पंधराव्या मिनिटाला काही न बोलता फळ्यावर फक्त '१५' लिहिलं. पंखेवाला दोन पानं भरून गेला. वेलबुट्टीवाली खडूच्या आवाजाने दचकली आणि जाताना म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा तुमचं ओरडणं बरं होतं."