मदत हवी आहे : स्कूटरवर नेता येईल असा हलका बेस अ‍ॅम्प

नमस्कार मंडळी,

मी बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे १५ इंची स्पीकरचा जुना कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. आवाजाबद्दल काही म्हणणं नाही, पण वजन तीस किलोच्या वर, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. डॉक्टरांनी माझी कंबर तपासून 'हे उचलणं बंद' असं स्पष्ट सांगितलंय. तेव्हा आता छोटा, हलका अ‍ॅम्प घ्यायचा आहे.

घरचा रियाज रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे बहुतेक हेडफोनवरच. कार्यक्रम जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे : कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, गिटार आणि दोन-तीन गायक. जागा म्हणजे शे-दोनशे खुर्च्यांची सभागृहं, लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत, गणपतीत सोसायट्यांचे मांडव. शिवाय मित्रांचा एक ब्लूज-रॉक बँड आहे. तिथे खराखुरा ड्रमसेट असतो आणि वाजवणारा हात राखून वाजवत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

बेस दोन : चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला), त्यावर फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा, आणि पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला). प्रवास स्कूटरवर. बेस पाठीला, अ‍ॅम्प पायापाशी. त्यामुळे दहा किलोच्या आसपासच हवा. बजेट ४०,०००, फार तर थोडं वर.

आतापर्यंत पाहिलेले असे : फेंडर रम्बल ४० (१० इंची स्पीकर, आठ किलोच्या आसपास), रम्बल १०० (१२ इंची, साधारण दहा किलो), आणि फिल जोन्सचा डबल फोर. यातला शेवटचा चार-चार इंचांचे दोन स्पीकर असलेला, जेमतेम पाच-सहा किलोचा. दिसायला देखणा आहे, पण चार इंचांतून बेस येणार कसा, हे पटत नाही.

तर प्रश्न असे. ४० वॉट पुरतील का १००च घ्यावा? एवढ्या छोट्या स्पीकरवर पाच तारांच्या बेसची खालची बी (सगळ्यात जाड तारेचा सूर) ऐकू येते का? आणि मामेभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून मागवलं तर स्वस्त पडेल का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी हे ठरवा की अ‍ॅम्पने सभागृह भरायचं आहे का फक्त तुम्हाला ऐकू यायचं आहे. मांडवात आणि सभागृहात साउंडवाला असतोच. त्याला तुमच्याकडून एक्सएलआरची (मिक्सरला जोडायच्या तीन पिनांच्या केबलची) लाइन हवी असते, बाकी लोकांपर्यंत आवाज पोचवणं त्याचं काम. मग तुमचा अ‍ॅम्प उरतो तो तुमचा स्वतःचा मॉनिटर. या हिशोबाने रम्बल ४० पुरेसा आहे, कारण मागे एक्सएलआर आउट आहे. रम्बल २५ ला ते नाही, म्हणून थोडे पैसे वाचवायला त्याच्याकडे वळू नका.

ड्रमसेटचं गणित वेगळं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ४० आणि १०० मधला फरक आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही. पण बेसला ताकद खालच्या सुरांतच जास्त लागते. ४० वॉटचा अ‍ॅम्प ड्रमसमोर शेवटापर्यंत फिरवावा लागतो आणि तिथे आवाज फाटतो. १०० वॉट आणि १२ इंच असले की थोडी जागा शिल्लक राहते.

खालच्या बीचं : ती सुमारे ३१ हर्ट्झची, चार तारांवरची खालची ई सुमारे ४१ची. कुठलाही छोटा अ‍ॅम्प हा मूळ सूर पूर्ण ताकदीने देत नाही. तरी सूर ओळखू येतो, कारण त्याच्या वरचे स्वरांश स्पष्ट मिळाले की मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. चार इंची स्पीकरवाले याच जोरावर चालतात. घरी आणि ढोलकीबरोबर छान वाटेल, पण तुमच्या त्या ड्रमरसमोर नाही. आणखी एक, तिथे बेसचा नॉब वाढवण्याऐवजी थोडा कमी करून मिड (मधले सूर) वाढवा, जास्त ऐकू येईल.

प्रतिसाद २

अमेरिकेहून मागवताना मागची पट्टी वाचा. बरेच कॉम्बो तिकडे १२० व्होल्टचे विकले जातात, आपल्याकडे २३०. चुकून थेट लावला तर गेलाच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण १०० वॉटच्या अ‍ॅम्पला पुरेल असा म्हणजे आणखी काही किलोचं लोढणं, मग हलका घेऊन उपयोग काय? १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तरच भावाला सांगा. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

प्रतिसाद ३

अ‍ॅम्प हवाच कशाला? सॅन्सअ‍ॅम्पसारखा एक प्रीअ‍ॅम्प डीआय पेडल (बेसचा आवाज घडवून थेट मिक्सरला देणारी छोटी पेटी) घ्या, खिशात टाका, सरळ मिक्सरला. घरी हेडफोनसाठी व्हॉक्सचा अ‍ॅम्पप्लग (बेसलाच खोचायचा चिमुकला अ‍ॅम्प).

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३, कल्पना छान आहे हो, पण आमच्या कार्यक्रमांत मॉनिटर असतात दोन आणि ते दोन्ही गायकांच्या पायाशी. बेसवाल्याला काय ऐकू येतं याची चौकशी कोणी करत नाही. मागच्या नवरात्रात मी ड्रमच्या किकवरून अंदाजाने वाजवलंय.

अमेरिकेचा विषय बंद. आता रम्बल १०० कडे कल आहे. पण एक मित्र म्हणतोय की ट्रेस इलियटचा एल्फ घे, हे नुसतं हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प), २०० वॉट आणि वजन एक किलोच्या आत, शिवाय एखादा छोटा कॅबिनेट (स्पीकरची पेटी). हे कसं?

प्रतिसाद १

एल्फ मस्तच आहे. क्लास डी (कमी उष्णतेचं, हलकं अ‍ॅम्प सर्किट) आल्यापासून हेडचं वजन हा प्रश्नच उरला नाही, वजन असतं ते कॅबिनेटचं. दोन गोष्टी बघा. ते २०० वॉट ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत विरोध) आहेत, बहुतेक एकेरी कॅबिनेट ८ ओहमचे असतात आणि तिथे त्याहून कमी मिळतात. दुसरं, कॅबिनेट निओडिमियम (हलक्या पण ताकदवान) चुंबकाचा घेतला नाही तर वजन पुन्हा कॉम्बोएवढं. हेड आणि असा कॅबिनेट मिळून तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. फायदा एकच, सभागृहात कॅबिनेट असेल तर नुसतं हेड न्यायचं.

कॉम्बोच घेतलात तर तो जमिनीवर ठेवू नका, नाहीतर आवाज गुडघ्यांना जातो. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता. मांडवात जनरेटरवर गूं-गूं आली तर एक्सएलआर आउटजवळचं ग्राउंड लिफ्टचं (मिक्सरच्या लाइनमधली अर्थची जोडणी तोडणारं) बटण दाबून बघा. अर्थिंगची पिन मात्र कोणी काढायला सांगितली तरी काढायची नाही.

प्रतिसाद ४

दुकानात जाताना स्वतःचा पाच तारांचाच बेस न्या. सगळे नॉब मधोमध ठेवा, कारण आधीच्या माणसाने बेस भरपूर वाढवून ठेवलेला असतो. कुणाला तरी वाजवायला सांगून तुम्ही दहा-पंधरा फूट लांब उभे राहा, अ‍ॅम्पशेजारी उभं राहून खालच्या सुरांचा अंदाज येत नाही. आणि घरी हेडफोनवर वाजवणार आहात, तर तोही बरोबर न्या. काही अ‍ॅम्पांच्या हेडफोन आउटला इतकी सरसर असते की रात्री शांततेत वैताग येतो.